शेवटी पेटी बदलली का चान्स दुप्पट? काही नाही तसं

आमच्या पानठेल्यावरचे पोट्टे अजूनही छातीठोक सांगतात का 'डील ऑर नो डील' या टीव्ही शोमध्ये (पैशाच्या पेट्यांतली एक आपली म्हणून ठेवायची, बाकीच्या एकेक उघडत जायच्या) शेवटी दोनच पेट्या उरल्या तर आपली देऊन दुसरी घ्यायची, जिंकायचा चान्स डायरेक्ट दुप्पट. नाही राजेहो.

हा हिशोब दुसऱ्याच शोवरून आला. अमेरिकेत 1963 मध्ये माँटी हॉलचा 'लेट्स मेक अ डील' सुरू झाला, त्याच्यावरून एक कोडं निघालं. तीन दरवाजे, एकामागं कार, दोघांमागं बकऱ्या, तुम्ही एक निवडला का होस्ट उरलेल्यातला बकरीवालाच उघडते, कारण आत काय आहे ते त्याले माहीत असते. म्हणून तिथं दरवाजा बदलला तर तीनातून दोनदा कार भेटते.

डील ऑर नो डीलच्या अमेरिकन शोमध्ये 26 पेट्या, एका सेंटपासून दहा लाख डॉलरपर्यंत, अन् उघडणारा कोण? तुम्हीच, अंदाधुंद! शेवटच्या दोन पेट्यांपर्यंत खेळलात तर 26 पैकी 24 वेळा दहा लाख मधातच उडालेले असतात बाप्पा. उरलेच, तर तुमच्या पेटीत असायचा चान्स जेवढा तेवढाच दुसरीत, म्हणजे निम्मे-निम्मे, बदला नाहीतर राहू द्या.

डोकं लावायचं ते बँकरच्या ऑफरवर, म्हणजे पेटी सोडून द्यायले मधामधात जे पैसे तो देऊ करते त्याच्यावर. उरलेल्या रकमांची सरासरी काढा, 100 अन् दहा लाख उरले तर 5,00,050. सुरुवातीच्या ऑफर सरासरीच्या बऱ्याच खाली असतात, पुढंपुढं जवळ येतात, म्हणून पहिल्याच ऑफरले कोणी डील म्हटलं का आमचा म्हातारा टीव्हीसमोरच शिव्या घालते.