मेगाहर्ट्झ, सॉकेट, कोअर: प्रोसेसरच्या ताकदीवर लायसन्स कसं मोजलं जाऊ लागलं

१९६९ पर्यंत आयबीएमचा संगणक घेतला की बरंचसं सॉफ्टवेअर सोबत येई, त्याचं वेगळं बिल नसे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला आणि जूनमध्ये कंपनीने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करायचं जाहीर केलं. मग प्रश्न आला की एकाच प्रोग्रॅमसाठी छोट्या आणि अवाढव्य ग्राहकाने सारखेच पैसे द्यायचे का? मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांच्या, जगात याचं उत्तर ठरलं यंत्राच्या क्षमतेवर. यंत्र जितकं मोठं, तितकं महिन्याचं भाडं जास्त.

यात ग्राहकाची एक रास्त तक्रार होती. सॉफ्टवेअर यंत्राचा थोडासाच भाग वापरत असलं, तरी पैसे पूर्ण यंत्राचे द्यावे लागत. २००० साली झेड९०० मेनफ्रेमबरोबर आयबीएमने ही पद्धत सैल केली. प्रत्यक्ष वापराची सरकती, म्हणजे दर वेळी मागच्या चार तासांची, सरासरी काढायची आणि महिन्यातल्या तिच्या सर्वोच्च आकड्यावर बिल करायचं, असं ठरलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत न्याय्य मोजणी.

सर्व्हरच्या बाजारात मात्र गोंधळ वेगळाच झाला. ओरॅकलने १९९९ च्या सुमारास डेटाबेसची किंमत थेट मेगाहर्ट्झवर लावली. प्रोसेसरची संख्या गुणिले त्यांचा वेग, असा हिशोब होता. म्हणजे ग्राहकाने जुना सर्व्हर बदलून वेगवान घेतला, की डेटाबेस तोच असूनही लायसन्स वाढायचं. ग्राहक चिडले आणि २००१ मध्ये कंपनीने ही पद्धत सोडून प्रोसेसरमागे दर लावला.

त्याच वर्षी आयबीएमचा पॉवर४ आला. एका चिपवर दोन कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशोब करणारे दोन भाग! २००५ मध्ये इंटेल आणि एएमडीही त्याच वाटेने गेले. आता 'प्रोसेसर' म्हणजे नेमकं काय? मायक्रोसॉफ्टने २००४ मध्येच सांगून टाकलं होतं की आम्ही सॉकेट (चिप बसवायची जागा) मोजू, कोअर नाही. ओरॅकलने कोअर मोजले, पण प्रत्येक जातीच्या चिपला गुणक लावला. सन कंपनीच्या आठ कोअरच्या टी१ चिपला ०.२५, इंटेल-एएमडीला पुढे ०.५. आयबीएमने २००६ मध्ये प्रोसेसर व्हॅल्यू युनिट, म्हणजेच पीव्हीयू, आणलं. एका कोअरच्या जुन्या चिपला १०० युनिट, दोन कोअरच्या इंटेल चिपमधल्या प्रत्येक कोअरला ५०, टी१ च्या कोअरला ३०.

हे आकडे प्रयोगशाळेत मोजून आलेले नाहीत. ती विक्रेत्याने ठरवलेली किंमत आहे, आणि तक्ता बदलायचा अधिकारही त्याचाच. करार करताना हे विसरलं जातं, म्हणून आवर्जून सांगतो.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने पाडलेले वेगवेगळे संगणक, आल्यावर तर फरक लाखोंचा झाला. कोअरमागे ७० युनिट असलेल्या १६ कोअरच्या सर्व्हरचे ११२० पीव्हीयू होतात. त्यातल्या चार कोअरच्या व्हर्च्युअल मशीनचे फक्त २८०. पण ही सवलत हवी असेल, तर आयबीएमचं मोजणीचं साधन बसवून अहवाल जपून ठेवावे लागतात. ते नसेल, तर ऑडिटमध्ये पूर्ण सर्व्हर धरला जातो. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या अशा विभागणीला ओरॅकल तर मान्यताच देत नाही.

शेवटी मायक्रोसॉफ्टही कोअरवर आलं. एसक्यूएल सर्व्हर हा त्यांचा डेटाबेस २०१२ मध्ये, विंडोज सर्व्हर ही ऑपरेटिंग सिस्टिम २०१६ मध्ये. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतलेल्या व्हीएमवेअरचं लायसन्सही आता कोअरवर आहे आणि प्रत्येक प्रोसेसरचे किमान १६ कोअर धरले जातात, मग चिपमध्ये आठच असले तरी.