ई-प्रबंध धोरण (भारतीय विद्यापीठे)

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाने कोणत्या स्वरूपात स्वीकारायचा, कुठे साठवायचा आणि कधी, कोणाला वाचायला खुला करायचा, हे ठरवणारे नियम म्हणजे ई-प्रबंध धोरण. भारतात या नियमांचा मूळ आधार विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम हा आहे. प्रबंधांचा साठा ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात होतो. आयोगाचे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारे केंद्र, ते चालवते.

छापील काळात प्रबंधाच्या मोजक्याच बांधीव प्रती निघत. ग्रंथालयातली प्रत घरी नेता येत नसे, पुष्कळ ठिकाणी झेरॉक्सलाही मनाई असे. नांदेडच्या संशोधकाला मुंबई विद्यापीठातला प्रबंध पाहायचा तर मार्गदर्शकाचे पत्र घेऊन तिथे जायचे आणि वाचनकक्षात बसून हाताने टिपणे काढायची, एवढाच मार्ग होता. शिष्यवृत्तीच्या, म्हणजे लोकांच्या पैशातून झालेले संशोधन असे कपाटात पडून राहणे हा मोठा अपव्यय होता. एकाच विषयावर दोन विद्यापीठांत तेच काम होई. एकाचा प्रबंध दुसऱ्याने उचलला तरी तो सहसा पकडला जात नसे.

प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच द्यावा, ही सक्ती पहिल्यांदा करणाऱ्या विद्यापीठांत अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकचे नाव घेतले जाते; तिथे हा नियम १९९७ मध्ये लागू झाला. भारतात म्हैसूर विद्यापीठाचा ‘विद्यानिधी’ हा ई-प्रबंधांच्या भांडाराचा सुरुवातीचा उल्लेखनीय प्रयत्न. देशभर नियम आला तो २००९ च्या विनियमांनी. पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी आयोगाकडे पाठवावी, असे त्यात होते. यातली मेख अशी की पदवी हाती आल्यावर फाइलसाठी पाठपुरावा कोण करणार? २०१६ च्या विनियमांनी क्रम उलटा केला. मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, पण पदवी जाहीर होण्याआधी, इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे गेली पाहिजे. २०२२ च्या विनियमांनीही तोच क्रम कायम ठेवला. सगळ्या धोरणात एवढा एक बदल सर्वांत परिणामकारक ठरावा असा आहे, कारण तो विद्यार्थी, विभाग आणि परीक्षा विभाग या तिघांनाही एकाच वेळी बांधून घेतो.

शोधगंगेवर प्रबंध सहसा एकसंध फाइल म्हणून दिसत नाही. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण, परिशिष्टे अशा क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात. सोबत शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विभाग आणि विषयशब्द यांची नोंद असते. हे काम विद्यापीठाने नेमलेला समन्वयक पाहतो; बहुतेक ठिकाणी तो ग्रंथपालच असतो. त्याआधी विद्यापीठाने इन्फ्लिबनेटशी सामंजस्य करार केलेला असावा लागतो. मंजूर झालेल्या संशोधन आराखड्यांसाठी ‘शोधगंगोत्री’ हे वेगळे भांडार आहे. विषय निवडण्याआधी ते चाळून पाहणे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हिताचे आहे. जुन्या छापील प्रबंधांच्या डिजिटायझेशनसाठी आयोगाने विद्यापीठांना अर्थसाहाय्यही दिले.

खुले करण्याला मर्यादा असतात. पेटंटचा अर्ज करण्याआधी प्रबंध सार्वजनिक झाला तर नावीन्याचा दावाच अडचणीत येतो. मुलाखती देणाऱ्यांची ओळख उघड होण्याचा धोका असतो. अशा वेळी काही मुदतीपर्यंत प्रबंध बंद ठेवण्याची सोय धोरणात हवी, आणि ती मुदत लेखी, कारणासह ठरलेली हवी. ‘पुढे पुस्तक काढायचे आहे’ एवढ्यावर प्रबंध बेमुदत अडवून ठेवणे मात्र समर्थनीय नाही.

वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे स्वतंत्र विनियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. श्रेयनिर्देश करून घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश यांसारखे भाग या मोजणीतून वगळले जातात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून विद्यापीठांना तपासणीचे सॉफ्टवेअर मिळते.

मराठी प्रबंधांची अडचण इथेच सुरू होते. मराठीतले कित्येक प्रबंध डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेले असतात. हे फाँट रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवतात. त्यामुळे पडद्यावर ओळ स्वच्छ मराठीत दिसते, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गुंता उमटतो. अशा फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही. तपासणी सॉफ्टवेअरला तिचे युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणारी प्रमाण पद्धत) मजकुराशी साम्य सापडत नाही, आणि अहवालात आलेल्या कमी टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. छापील प्रत स्कॅन करून चढवली असेल तर ती नुसते चित्र असते. शीर्षकेही अनेकदा रोमन लिपीत नोंदवली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जे’ने, कोणी ‘जी’ने, शोधणाऱ्याने तिन्ही करून पाहावे लागते. संतसाहित्य, लोकसाहित्य, दलित आत्मकथने, बोलीभाषा यांवरचे मोलाचे काम भांडारात असूनही वाचकापर्यंत पोहोचत नाही ते यामुळे.

यावर उपाय विद्यापीठांच्याच हातात आहे. प्रबंध युनिकोडमध्ये आणि नोंद देवनागरीत असावी, अशी अट प्रत्येक विद्यापीठ आपल्या पीएच.डी. नियमावलीत घालू शकते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांतून जोडाक्षरे आणि रफार कधी कधी बिघडतात, त्यामुळे संशोधकाने एकदा नजरेखालून घालणे आवश्यक असते. हे प्रबंध सादर करतानाच व्हायला हवे, कारण तेव्हा मूळ फाइल टंकलेखकाच्या संगणकावर असते आणि दुरुस्ती करणारा लेखकही हाताशी असतो.