बॉम्बे हाय : तेल लागल्यानंतरची गोष्ट

एक रुपयाची नोट हल्ली सहसा हाती लागत नाही. लागलीच तर ती एकशे एकच्या आहेरासाठी बाजूला ठेवली जाते. पुढच्या वेळी मिळाली की ती उलटून पाहा. मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभे असलेले एक लोखंडी धूड आहे. ते 'सागर सम्राट'. फेब्रुवारी १९७४मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, याच रिगने, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेने, समुद्राच्या तळाखाली तेल गाठले.

जानेवारी २०२५मध्ये सरकारी तेल कंपनी ओएनजीसीने याच 'बॉम्बे हाय' क्षेत्रासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक सल्लागार म्हणून निवड केली. त्यावर 'स्वतःचे तेल काढायला परक्याची मदत कशाला?' असा सूर उमटणे साहजिक होते. त्या प्रश्नाचे उत्तर १९७४च्या त्या गाजलेल्या आठवड्यात शोधून सापडत नाही. तेल लागल्यानंतरच्या पन्नास वर्षांत ते विखुरलेले आहे.

सुरुवात मात्र थोडी मागून करावी लागते. १८५९मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने तेलासाठी खोदलेली विहीर जेमतेम २१ मीटर खोल होती. आपल्याकडे आसामात दिगबोईला १८८९मध्ये तेल लागले आणि १९०१मध्ये तिथे रिफायनरी उभी राहिली. त्या काळी शोधाची रीत एकच होती: जिथे जमिनीतून तेल आपणहून पाझरते तिथे खोदायचे. ही रीत समुद्रात कामाची नाही. तिथे ऐकून शोधावे लागते. आडात खडा टाकून 'डुबुक' कधी येते त्यावरून पाणी किती खोल आहे हे आपण ताडतो, भूकंपलहरींचे सर्वेक्षण त्याच जातीचे. वरून धक्का द्यायचा, खालच्या खडकांच्या थरांवरून परतणारे पडसाद टिपायचे आणि त्यांना लागलेल्या वेळावरून तळाखालच्या थरांचा नकाशा काढायचा. ही पद्धत अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये १९२१मध्ये आजमावली गेली. खोदलेल्या भोकात विजेचे मापक सोडून खडकाची जात ओळखायची युक्ती १९२७मध्ये फ्रान्समध्ये श्लुंबर्जर बंधूंनी वापरली.

ओएनजीसीचा जन्म १९५६चा, मुख्यालय डेहराडूनला. केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांचा आग्रह आणि सोव्हिएत व रुमानियन तज्ज्ञांची मदत यांवर तिने खंबात आणि १९६०मध्ये अंकलेश्वर ही क्षेत्रे शोधली. गुजरातच्या जमिनीखालचे तेलधारी खोरे पुढे समुद्रात शिरते, हे भूवैज्ञानिकांना दिसतच होते. साठच्या दशकाच्या मध्यावर 'अकादमिक अर्खान्गेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात आणि पश्चिम किनाऱ्यालगत सर्वेक्षण केले. त्याच्या पडसादांत मुंबईसमोर एक मोठा उंचवटा दिसला.

'बॉम्बे हाय' हे नाव त्या उंचवट्यावरून पडले. 'हाय' म्हणजे भूगर्भातला उंच भाग. मला लहानपणी ते एखाद्या हमरस्त्याचे नाव वाटायचे. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे सच्छिद्र खडकांतून वर सरकत जातात. एखाद्या उंचवट्याच्या माथ्यावर अभेद्य झाकण भेटले की तिथे अडकून साचतात. या उंचवट्याच्या बुडाशी काही भागात सह्याद्रीचाच काळा पाषाण आहे, आणि त्याच्या वरच्या थरांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेली चुनखडी. तेल त्या चुनखडीत आहे. ही बाब लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडले.

उंचवटा दिसला, पण तो खोदायचा कशाने? तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल, आणि पावसाळ्यातला अरबी समुद्र कुणाची गय करत नाही. १९७०मध्ये खंबातच्या आखातातल्या आलियाबेट इथे स्थिर मचाण उभारून भारताने समुद्रातली पहिली विहीर खोदली. त्या विहिरीने देशाचे नशीब पालटले नाही, पण खाऱ्या पाण्यात काम करण्याचा सराव झाला. मुंबईसमोर मात्र एका जागी जखडलेले मचाण परवडणारे नव्हते. पहिल्या विहिरीत काही मिळाले नाही तर ते तिथेच टाकून यावे लागले असते.

याचे उत्तर मेक्सिकोच्या आखातात तयार झाले होते. तिथे १९५६मध्ये लटूर्नो या कल्पक यंत्रकाराने 'स्कॉर्पियन' नावाची रिग बांधून दिली. ती घेणाऱ्या झपाटा कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज बुश, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थोरले बुश. कल्पना साधी होती. तरंगता तराफा आपले पाय वर उचलून ओढत न्यायचा. जागेवर पोहोचला की दातेरी पट्ट्या आणि चाकांच्या जोरावर पाय तळाला टेकवायचे आणि त्याच पायांवर तराफा लाटांच्या वर उचलून धरायचा. काम संपले की पाय वर आणि पुढच्या मुक्कामाला. याला जॅक-अप रिग म्हणतात. 'सागर सम्राट' याच जातीची, जपानमध्ये हिरोशिमाला मित्सुबिशीने बांधलेली. ती १९७३मध्ये भारतात आली.

वेळ अशी जुळून आली की कादंबरीत कुणी लिहिले असते तर खोटे वाटले असते. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. जानेवारी १९७४पर्यंत कच्चे तेल बॅरलमागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेले. आणि त्याच जानेवारीच्या ३१ तारखेला 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायवर पहिली विहीर खोदायला घेतली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले, म्हणजे शोधापासून सव्वादोन वर्षांत. तेव्हा देशाला खुल्या समुद्रातून तेल काढायचा काहीही अनुभव नव्हता. हे ध्यानात घेतले तर हा वेग आजही थक्क करतो. सुरुवातीला तेल टँकरमध्ये भरून आणायचे. १९७८मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकले गेले आणि तोवर जाळून टाकावा लागणारा वायूही किनाऱ्याला येऊ लागला.

त्या वायूने रायगड जिल्ह्याचा चेहरा बदलला. उरणला प्रक्रिया प्रकल्प आणि वायूवर चालणारे वीज केंद्र, थळला खताचा कारखाना, उसरला स्वयंपाकाचा गॅस, नागोठण्याला पेट्रोरसायने, न्हावा इथे जहाजांचा पुरवठा तळ. माझगाव डॉकने पाणबुड्या-युद्धनौकांच्या जोडीला तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म बांधायला घेतले. जुहूच्या विमानतळावरून कामगारांना नेणारे हेलिकॉप्टर उडू लागले. 'चौदा दिवस ऑन, चौदा दिवस ऑफ' या पाळीवर मुंबई-पनवेलमधल्या कितीतरी घरांचे सणवार ठरत आले. गणपती चौदातल्या कुठल्या बाजूला पडतो, याचा हिशेब त्या घरांत आधीच झालेला असतो.

आता त्या चुनखडीकडे वळू. तेलाचे तळे असते आणि त्यात नळी घालून ते ओढायचे, ही आपली समजूत. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत, स्पंजातल्या पाण्यासारखे असते. वाळूचा खडक त्यातल्या त्यात सरळ स्वभावाचा. चुनखडी मात्र लहरी: एका हातावर छिद्रेच छिद्रे, दुसऱ्या हातावर घट्ट दगड. बॉम्बे हायच्या मुख्य तेलधारी थराला तिथले लोक 'एल-३' म्हणतात. तो एकसंध नाही. मधेमधे चिकणमातीच्या पातळ पापुद्र्यांनी विभागलेली चळतच आहे ती, आणि प्रत्येक पडदीतून, म्हणजे दोन पापुद्र्यांमधल्या थरातून, तेल वाहण्याचा वेग वेगळा. तेलाच्या वर वायूची टोपी, खाली पाणी. त्या तेलात विरघळलेला वायूच मुख्यतः तेलाला वर ढकलतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे. पण बाटली भसकन उघडली तर वायू निघून जातो आणि सोडा तळाशी निपचित पडून राहतो.

ऐंशीच्या दशकात नेमके झाकण भसकन उघडले गेले, असे माझे मत आहे. त्याला कारणेही होती. १९७९मध्ये इराणच्या क्रांतीमुळे तेल पुन्हा महागले. त्याच सुमारास आसाम आंदोलनात तिथले तेल अडले. परकीय चलनाची तिजोरी कायम हलकी. दिल्लीला हाताशी असलेला एकच मोठा झरा दिसत होता. १९८५च्या सुमारास बॉम्बे हायचे उत्पादन दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार बॅरलवर पोहोचले, आणि तेव्हा देशाच्या गरजेपैकी जवळपास दोनतृतीयांश तेल देशातच निघत होते. तो आकडा पुन्हा कधी दिसला नाही.

थरातला दाब टिकवायचा तर काढलेल्या तेलाच्या जागी काहीतरी भरावे लागते. समुद्रात ते काहीतरी म्हणजे समुद्राचेच पाणी. ते सरळ पंपाने सोडता येत नाही. आधी गाळायचे, मग त्यातला प्राणवायू काढायचा, नाहीतर नळ गंजतात, आणि जिवाणू मारायचे, नाहीतर खाली जाऊन ते विषारी, सडका वायू तयार करतात. त्यासाठी वेगळे प्लॅटफॉर्म लागतात. बॉम्बे हायमध्ये हे काम १९८४मध्ये सुरू झाले, म्हणजे तेल काढायला लागून आठ वर्षांनी. तोवर काही भागांत दाब पडला होता, तेलातला वायू सुटा होऊ लागला होता. शिवाय सोडलेले पाणीही सगळीकडे सारखे पसरले नाही. ज्या पडदीतून वाट सोपी तिथून ते धावत विहिरीपर्यंत पोहोचले आणि शेजारच्या घट्ट पडदीतले तेल जागच्या जागी राहिले. दशकाच्या शेवटी अनेक विहिरींतून तेलापेक्षा वायू जास्त येऊ लागला आणि त्या बंद ठेवाव्या लागल्या.

देशाचे एकूण उत्पादन १९८९-९०मधल्या सुमारे ३.४ कोटी टनांवरून १९९२-९३मध्ये सुमारे २.७ कोटी टनांवर घसरले. ही घसरण एकट्या बॉम्बे हायची नव्हती, पण मोठा वाटा तिचा. आणि वेळ पुन्हा तशीच, फक्त या खेपेला उलटी: कुवेतवर इराकचे आक्रमण, तेलाची भाववाढ आणि १९९१चे परकीय चलनाचे संकट. सोने गहाण ठेवण्याच्या कहाणीत चुनखडीचे नाव कुणी घेत नाही. माझ्या मते घ्यायला हवे. 'अतिउपसा झाला' हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. मला त्यात अभियंत्यांचे अज्ञान कमी आणि वरून आलेल्या लक्ष्यांचा रेटा जास्त दिसतो. थराने किती द्यावे हे थर ठरवतो. आपल्याकडे ते बैठकीत ठरले.

दुसरा डाव सावरला तो खोदाईच्या तंत्राने. उभी विहीर पातळ थराला टाचणीसारखी टोचून पार होते. तेल येते ते फक्त त्या टोचलेल्या जागेतून. विहीर थरात शिरून आडवी वळवली तर ती शेकडो मीटर तेलातूनच धावते. इटलीजवळच्या समुद्रात, रोस्पो मारे या चुनखडीच्याच क्षेत्रात, १९८२मध्ये फ्रेंच कंपनी एल्फने अशी विहीर यशस्वी केली. त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. पहिली, खोदताना विहिरीत सोडलेल्या चिखलाच्या दाबावर फिरणारी, बिटच्या म्हणजे खोदणाऱ्या टोकाच्या मागेच बसवलेली मोटर, म्हणजे अख्खी नळी न फिरवता टोकाला वळण देता येते. दुसरी, खालची दिशा वर कळवणारे यंत्र. ते तार वापरत नाही. रिगवाले ज्याला 'मड' म्हणतात त्या खोदाईच्या चिखलातच दाबाचे ठोके पाठवते आणि वर त्या ठोक्यांचे आकडे होतात. हजारो मीटर चिखलातून नाडी तपासण्यासारखेच हे.

२०००च्या सुमारास ओएनजीसीने बॉम्बे हायच्या उत्तर आणि दक्षिण भागांच्या पुनर्विकासाचे मोठे कार्यक्रम हाती घेतले. आडव्या विहिरी आल्या, आणि त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे जुन्या, थकलेल्या विहिरींच्या मधूनच फाटा फोडून शेजारच्या न उपसलेल्या पडदीत शिरणे. नवा प्लॅटफॉर्म बांधायचा खर्च वाचतो, जुनी विहीर पुन्हा कामाला लागते. उत्पादन जुन्या शिखरावर गेले नाही, पण घसरगुंडी आवरली.

समुद्राने आपली किंमत वसूल केलीच. १९८२मध्ये 'सागर विकास' रिगवर विहीर बेकाबू होऊन आग लागली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई आदल्या दिवशीच्या प्रलयातून सावरत असताना, बोट कापलेल्या एका स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर उपचारांसाठी आणणारे 'समुद्र सुरक्षा' हे जहाज उत्तर बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मवर आदळले. त्याच्या हेलिपॅडची कड वायू वाहणाऱ्या उभ्या नळीला लागली. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला. त्या वेळी तिथे असलेल्या ३८४ जणांपैकी ३६२ वाचले, २२ गेले. इतक्या मोठ्या सांगाड्याचा घात करणारी नळी बाहेरच्या बाजूला, जहाजांच्या वाटेत, उघडी होती. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांच्या मुक्कामाचा बार्ज बुडाला, त्यावर २६१ माणसे होती. वादळाची सूचना आधीच मिळाली होती. तेव्हा कमी पडले ते तंत्र नव्हते.

२०२४मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन दिवसाला सुमारे १ लाख ३४ हजार बॅरल होते. बीपीने दहा वर्षांच्या करारात तेल आणि वायू मिळून ६० टक्क्यांपर्यंत वाढीचा अंदाज दिला आहे. तिचे काम नवे क्षेत्र शोधण्याचे नाही. पन्नास वर्षे उपसलेल्या त्याच चुनखडीत कुठल्या पडदीत किती उरले आहे आणि पाणी कुठे भरकटले हे ओळखण्याचे आहे. जगभर सरासरीने पाहिले तर थरातल्या तेलापैकी एकतृतीयांशच्या आसपासच वर येते. बाकीचे दगडातच राहते, म्हणून थकलेल्या क्षेत्रांच्या डॉक्टरांना मागणी आहे.

आणि 'सागर सम्राट'? बरीच वर्षे रखडलेल्या रूपांतरानंतर २०२२च्या अखेरीस ते पुन्हा कामावर रुजू झाले. आता ते विहिरी खोदत नाही. पश्चिमेच्या समुद्रात एका जागी उभे राहून आसपासच्या विहिरींतून वर आलेल्या मिश्रणातून तेल, वायू आणि पाणी वेगळे करते. तेलापुरती त्याची क्षमता दिवसाला २० हजार बॅरल आहे.