अकॅडमिक की जनरल? आधी फॉर्म बघा

“सर, जनरल सोपी असते म्हणतात. मंग तीच देते ना!” धंतोलीतल्या दवाखान्यात रात्रपाळी करून तशीच क्लासला आलेली सिस्टर म्हणाली. तिला ब्रिटनमध्ये नर्स म्हणून जायचं आहे. त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची; तिचे अकॅडमिक आणि जनरल असे दोन प्रकार. पैसे भरायच्या आधी बोलली, हे बरं झालं.

ऐकणं आणि बोलणं दोन्ही प्रकारांत सारखंच. 11 ते 14 मिनिटांची तोंडी परीक्षाही तीच. फरक वाचनात आणि लेखनात.

अकॅडमिकच्या लेखनात पहिल्यांदा आलेख किंवा तक्ता देतात, त्याचं वर्णन किमान 150 शब्दांत. नागपूर आणि महाबळेश्वरच्या तापमानाचा आलेख मी सरावाला दिला, तर अर्ध्या वर्गाने कूलरमध्ये पाणी भरण्यापासून सुरुवात केली! आलेखात दिसतं तेवढंच लिहायचं. उन्हाने जीव कासावीस झाला, हे परीक्षकाला नको असतं. जनरलमध्ये त्या जागी पत्र. हे सोपं वाटतं, पण शाळेत मुरलेलं ‘वरील विषयास अनुसरून’ मित्राच्या पत्रातही इंग्रजीत डोकावतं. कोणाला कोणत्या सुरात लिहिलंय, याला गुण असतात. त्यानंतरचा किमान 250 शब्दांचा निबंध मात्र दोन्हीकडे असतो.

वाचनात अकॅडमिकला तीन मोठे उतारे. जनरलला जाहिराती, सूचना, नोकरीचे नियम, आणि शेवटी एकच मोठा उतारा. म्हणून ‘सोपी’ हा बोलबाला. पण हिशेब बघा: 40 पैकी साधारण 23 उत्तरं बरोबर आली की अकॅडमिकला 6 बँड (म्हणजे निकालातली पातळी) मिळतो, जनरलला त्याच 6 साठी 30 लागतात. सोप्या पेपरात चुकायला जागा कमी.

आता कोणती कोणासाठी? परदेशी कॉलेजात शिकायचं तर अकॅडमिक. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीला, म्हणजे काम करायला तिथे स्थायिक होण्याच्या अर्जाला, जनरल. इथवर शिक्षण आणि नोकरी अशी सरळ वाटणी वाटते, आणि लोक तिथेच फसतात. ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल नोंदणीसाठी अकॅडमिकच मागते, नर्सिंग ही नोकरी असली तरी. म्हणून नावावरून ठरवू नका. जिथे निकाल द्यायचा, त्यांच्या संकेतस्थळावर प्रकार वाचा.

सिस्टरने फॉर्ममध्ये अकॅडमिकवर खूण केली. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून तारीख मात्र तिने अजून घेतलेली नाही. आधी कूलर सोडून आलेख लिहायला शिकते आहे.