अंबाडी की गांजा? कुंडीतलं झाड आणि ग्रुपवरचा गोंधळ

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी गच्चीतल्या एका कुंडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं "हे कोणाचं आहे??", झालं, दहा मिनिटांत पोलिसांना फोन करायच्या गोष्टी सुरू झाल्या. कुंडी आमचीच, आईने भाजीसाठी लावलेली अंबाडी! 😅

काकांचीही चूक नाही म्हणा. अंबाडीचं वरचं पान बोटं पसरलेल्या हातासारखं असतं, कडेला दाते, आणि गांजाचंही तसंच. शास्त्रीय नावच बघा ना, अंबाडी म्हणजे हिबिस्कस कॅनाबिनस, कॅनाबिससारखी दिसते म्हणून कॅनाबिनस. पण नातं काही नाही, अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातली, आणि गांजाचा भाऊबंद म्हणजे बिअरमधला हॉप.

आता ओळखायचं कसं, तर पान हातात घ्या आणि देठाजवळ बघा. अंबाडीचं पान एकच असतं, फक्त खोल कापलेलं, बोटं बुडाशी एकमेकांना जोडलेली दिसतात. गांजात प्रत्येक बोट म्हणजे वेगळी पर्णिका, पाच, सात, कधी नऊ, आणि सगळ्या देठाच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन टेकतात. अंबाडीची खालची पानं तर बऱ्याचदा कापलेलीच नसतात, बदामासारखी असतात, म्हणून फोटो काढताना पूर्ण झाड घ्या, नुसता शेंडा नको. खोडावरून हात फिरवला तर अंबाडीचे बारीक काटे टोचतात (लाल अंबाडी, जिच्या बोंडांचं सरबत करतात, ती निराळी, तिचं खोड गुळगुळीत). गांजाचं पान चोळलं की उग्र वास हाताला चिकटून बसतो.

फूल आलं की तर प्रश्नच मिटला. अंबाडीचं फूल मोठं, फिकट पिवळं, मधे गडद लाल ठिपका. गांजाला पाकळ्याच नसतात, हिरवट बारीक तुरे, आणि नर-मादी झाडं बहुधा वेगळी. नशा मुख्यतः मादीच्या तुऱ्यांवरच्या राळेत असते, म्हणून तर परदेशात जिथे परवानगी आहे तिथे संकरित जाती लावणारे नर झाडं आधीच उपटून टाकतात, बी धरू देत नाहीत. त्या हायब्रिडमधे रुंद पानाची इंडिका आणि अरुंद पानाची सटायवा यांचं मिश्रण असतं, आणि अरुंद पानाकडे झुकलेली जात फोटोत बघितली की खरंच अंबाडी वाटते.

गोंधळात भर इंग्रजीची. वाख (दोऱ्या वळायचे धागे) निघणाऱ्या कुठल्याही झाडाला हेम्प म्हणून मोकळे, अंबाडी डेक्कन हेम्प, ताग सन हेम्प, आणि खरं हेम्प म्हणजे कॅनाबिसच. त्यामुळे नुसतं हेम्प सर्च करून काही कळत नाही.

कायद्यात मात्र फरक मोठा आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. पण विनापरवाना झाड लावणं हा गुन्हाच, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अंबाडी बिनधास्त लावा, विदर्भात तर शेताच्या धुऱ्यावर लावतातच.

आईने दुसऱ्या दिवशी पानं उकडली, आंबट पाणी पिळून काढलं, ज्वारीच्या कण्या घालून घोटली, वरून लसणाची लालभडक फोडणी. एक वाटी काकांकडे पाठवली, वाटी अजून परत आली नाही.