भेदरलेलं मूल आणि भरवशाचं माणूस

सरांनी अचानक उभं करून पाढा विचारला, की मुलाच्या छातीत धडधडतं. अॅड्रेनालिन हे संप्रेरक काही क्षणांत रक्तात उतरतं. मेंदूतले हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढतं. पाढा म्हणून झाला की सगळं ओसरतं. अशा ताणाने मुलाचं काही बिघडत नाही, उलट ते तयार होतं.

घात होतो तो ताण ओसरायला जागाच मिळत नाही तेव्हा. रोज रात्री घरात दारू आणि मारहाण, महिनोन्‌महिने खचलेली आई, अंगाला नको तसा हात लावणारा घरातलाच कोणी. मग मेंदूतला, भीतीची घंटा वाजवणारा अॅमिग्डाला सदा जागा राहतो. आठवणी नीट लावणारा हिप्पोकॅम्पस आणि स्वतःला आवरायला शिकवणारा कपाळामागचा भाग मागे पडतो. शाळेत अशा मुलाला ‘लक्ष नाही’, ‘उद्धट आहे’ असे शेरे मिळतात. खरं तर त्याचं सगळं लक्ष धोका कुठून येतो यावरच लागलेलं असतं.

व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानपणी असे ४ किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हे आकडे समूहाचे आहेत, एखाद्या मुलाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. मोठे आघात सोसूनही जी मुलं सावरतात, त्यांच्याजवळ बहुतेक वेळा निदान एक मोठं माणूस खंबीरपणे उभं असतं. ते आईवडीलच असायला हवं असं नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप फडाजवळच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर गेले, की बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागकडे येणाऱ्या टोळ्यांतल्या कित्येक मुलांसाठी हे माणूस म्हणजे गावाकडची आजी. निपाणीत विड्या वळून थकलेल्या आईच्या घरी ते शेजारची काकू किंवा अंगणवाडीच्या टीचर असू शकतात.

हा भरवसा दिवसातल्या १०-१५ मिनिटांतही तयार होतो. मात्र ती रोजची हवीत आणि तेव्हा हातात मोबाइल नको. खेळ मुलाने निवडायचा, आपण सूचना करायच्या नाहीत. तान्ह्या बाळाने हुंकार दिला तर आपणही द्यावा आणि पुढचा त्याचा हुंकार येईपर्यंत थांबावं. झोपेची वेळ ठरलेली असावी: ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आपला तोल गेला, हात उगारला, तर नंतर जवळ बसून ‘चुकलं माझं, तुझ्यामुळे नव्हे’ असं स्पष्ट सांगावं. ‘पोलीस धरून नेईल’ ही धमकी कायमची सोडावी. संकटात ज्याच्याकडे धावायचं, त्याचीच भीती आपण मुलाच्या मनात घालत असतो.

कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात भाषेचा प्रश्न इथेही आडवा येतो. घरी मराठी आणि अंगणवाडीत किंवा शाळेत कन्नड, अशा मुलाला ‘नको’, ‘दुखतंय’, ‘मला घरी जायचंय’ एवढं तरी दोन्ही भाषांत सांगता आलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून गुप्तांगांची नावंही न लाजता शिकवावीत. ज्याला नावच नाही, त्याची तक्रार मूल कशी करणार?

मुलाने कुणी लैंगिक छळ केल्याचं सांगितलं, तर चूक होते ती पहिल्या पाच मिनिटांत. मोठी माणसं किंचाळतात, ‘खरं सांगतोस ना?’ विचारतात, मामा-काका बोलावून तेच दहा वेळा वदवून घेतात. दर वेळी भीती नव्याने जागी होते आणि ‘त्यानेच केलं ना?’ अशा प्रश्नांनी आठवणही गढूळ होते. ऐकून घ्यावं. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी चूक नाही’ म्हणावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच मराठीत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावेत. नुकतंच घडलं असेल तर अंघोळ घालू नये. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, पोलिसांनी गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. इथे नोंद बहुधा कन्नडमध्ये होते. ‘शूच्या जागी’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी मोठ्यांचा शब्द घातला गेला, की पुढे उलटतपासणीत तोच शब्द त्याला ओळखता येत नाही आणि खरं बोलणारं मूल खोटं ठरतं. मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषा देण्याची तरतूद कलम १९ मध्येच आहे. सही करण्याआधी तो मागावा. नोंद मराठीत वाचून घ्यावी.

पूर किंवा अपघातासारखा एकदाच बसलेला धक्का वेगळा. ऑगस्ट २०१९ सारख्या पुरानंतर पावसाच्या आवाजाने रडणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, विनाकारण पोट दुखणं हे काही आठवडे चालतं आणि बहुतेक मुलांत आपोआप निवळतं. मुलांना गोळा करून प्रसंग बळेच सांगायला लावण्याने फायदा होत नाही. शाळा आणि जेवणाझोपेच्या वेळा लवकर पूर्ववत कराव्यात, कुटुंब एकत्र ठेवावं, टीव्हीवरची दृश्यं बंद करावीत. महिना उलटूनही त्रास तसाच असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर बोलावं, तिथे भाषा निवडता येते. मूल मरणाची भाषा बोलू लागलं किंवा स्वतःला इजा करू लागलं, तर महिन्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं, तोवर एकटं सोडू नये, घरातली शेतीची औषधं कुलपात ठेवावीत. मुलावर अत्याचार होत असल्याचा नुसता संशय असला, तरी १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.