रस्तेकाम क्षेत्रातील सुरक्षा

वाहतूक चालू ठेवून रस्ता किंवा पूल दुरुस्त करताना वाहनचालक आणि मजूर या दोघांचे जीव सांभाळण्याची व्यवस्था व तिचा अभ्यास. भारतात यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या महामार्ग अभियंत्यांच्या संस्थेची ‘आयआरसी:एसपी:५५’ ही मार्गदर्शिका आहे (सुधारित आवृत्ती २०१४).

कामाच्या क्षेत्राचे चार भाग पडतात: आगाऊ सूचनेचा पट्टा, मार्गिका हळूहळू बंद करणारा तिरका पट्टा (टेपर), प्रत्यक्ष काम आणि वाहतूक पूर्ववत सोडणारा शेवट. टेपर आखूड ठेवणे ही नेहमीची आणि घातक चूक. अमेरिकी नियमावलीच्या सूत्राने ३.५ मीटरची मार्गिका बंद करायला ताशी ८० किमी वेगाला १७५ मीटर लागतात, ४० किमीला सुमारे ३६. टेपर आणि काम यांच्यामधली जागा मोकळी सोडायची असते, कारण चुकलेली गाडी तिथेच थांबावी लागते. साईटवर मात्र खडीचा ढीग नेमका तिथेच पडतो.

चुना फासलेले दगड रात्री ट्रॅफिक कोनची (रस्त्यावर मांडायच्या शंकूची) जागा घेऊ शकत नाहीत. ताशी ८० किमीने जाणारी गाडी चालक सावध होईपर्यंतच्या अडीच सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून परावर्तक पट्टी हवीच. धूळ आणि डांबराने ती मंदावते. तपासताना बॅटरी डोळ्यांजवळ धरावी, कारण प्रकाश आला त्याच दिशेने परततो.

अभ्यासात वेग तीन ठिकाणी मोजावा: पहिल्या फलकाआधी, टेपरच्या तोंडाशी आणि कामाशेजारी. स्पीडगन दिसली की चालक ब्रेक दाबतात, म्हणून निरीक्षकाने आडोशाला बसावे. ट्रकमागे अडकलेल्या गाड्या वगळाव्यात. शंभरपैकी ८५ वाहने ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग तुलनेला घ्यावा. रांगेचे शेपूट कुठवर जाते हेही नोंदवावे. ते पहिल्या फलकामागे गेले, तर मागून येणारा ट्रक इशाऱ्याविनाच थांबलेल्या गाड्यांवर येतो. अशा वेळी फलक मागे सरकवावा.

मजुराला धोका फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा नसतो. मागे येणाऱ्या डंपरचा भोंगा रोलरच्या आवाजात बुडतो आणि पाठमोरा मजूर चिरडला जातो. डंपर मागे घेताना चालकाला दिसेल असा एक माणूस उभा हवाच. हे अपघात वाहतुकीच्या अपघातांत मिसळू नयेत, वेगळे मोजावेत.

सुट्टीच्या दिवशीही वेग मोजावा. काम बंद असताना फलक उघडे राहिले, तर रोजचे चालक त्यांना जुमानेनासे होतात आणि सोमवारी मजूर परततात तेव्हाही वेग उतरत नाही.